तांदळाची फॅक्टरी

आमचा मॅनेजर केविन याची ईमेल स्क्रीनवर उघडी होती आणि माझे सासरे चहाचा कप घेऊन माझ्या पाठीमागे उभे होते. शनिवारी सगळ्या टीमने सहकुटुंब गावाजवळची साके ब्रुअरी बघायला जायचं, असं तीत लिहिलं होतं. साके म्हणजे जपान्यांची तांदळाची दारू.

"कसली फॅक्टरी म्हणायची ही?" सासऱ्यांनी विचारलं.

"तांदळाची," मी म्हणालो. (खोटं नव्हतं. अर्धवट होतं.)

सासरे, म्हणजे त्र्यंबकराव, यांनी कोकणातल्या भात संशोधन केंद्रात एकतीस वर्षं काढलीत. रिटायर झाल्यावर सहा महिन्यांसाठी अमेरिकेत हिल्सबरोला आमच्याकडे आले होते आणि कंटाळले होते. तांदळाचं नाव निघताच त्यांनी शर्टाला इस्त्री करायला घेतली. आता त्यांना घरी ठेवणं ब्रह्मदेवाच्या बापालाही शक्य नव्हतं.

घाबरण्याचं कारण असं, की लग्न ठरताना त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता आणि मी छातीठोकपणे सांगितलं होतं, "सुपारीच्या खांडाचंसुद्धा व्यसन नाही." त्या उत्तरावर मला आश्लेषा मिळाली. म्हणून ते यायच्या आदल्या दिवशी घरातली अर्धी व्हिस्कीची बाटली मी गॅरेजमधल्या वीस पौंडी बासमतीच्या पोत्यात खोल पुरली आणि दोन महिने तिकडे फिरकलो नाही. भीतीने, दुसरं काय!

ब्रुअरीत सुरुवात बरी झाली. दारूसाठी तांदूळ किती घासून बारीक करतात ते गाइडबाईंनी दाखवलं. "चाळीस टक्के कोंड्यात घालवता?" सासरे कळवळून इंग्रजीत म्हणाले आणि बाईंचीच शिकवणी घेऊ लागले. केविन खूश. "युअर फादर-इन-लॉ इज अमेझिंग!" मी घाम पुसत होतो.

मग बाईंनी भिंतीवरच्या छोट्या देव्हाऱ्यापुढे वाकून दोन टाळ्या वाजवल्या आणि इवल्या इवल्या पेल्यांचा ट्रे आणला. सासऱ्यांनी बूट काढले, उजवा तळहात खोलगट करून डाव्यावर ठेवला आणि पुढे केला.

"हं, तीर्थ द्या."

मी ट्रेच्या आणि त्यांच्या मध्ये घुसलो.

"बाबा, आज शनिवार! तुमचा उपास! हे तांदळाचं आहे, चालणार नाही!"

"तीर्थाला काय होतंय?"

"मोडला तर? थांबा, तुमच्या वतीने मी घेतो." आणि मी पेला रिकामा केला.

साकेचे चार प्रकार होते, हे मला ठाऊक नव्हतं. प्रत्येक वेळी तळहात पुढे यायचा आणि प्रत्येक वेळी मी झडप घालायचो. आश्लेषाने "मला ड्राइव्ह करायचंय" म्हणून स्वतःचेही पेले माझ्याकडे सरकवले. (देव्हाऱ्यासमोर तीर्थ टाकायचं कसं?) "परीक्षित, पुरे!" असं ती दातओठ खाऊन म्हणाली, तेव्हा उशीर झाला होता. "ही लव्हज इट!" असं म्हणून केविनने माझ्यासाठी आणखी एक मागवला.

परतताना मी मागच्या सीटवर. भिंती नसूनही सगळं भिंतींसकट फिरत होतं.

"परीक्षितराव," सासरे पुढून म्हणाले, "आंबलेल्या भाताचे वास घेण्यात माझी हयात गेली. मला दारातच कळलं."

"मग ते तीर्थ?"

"तुम्ही खरं सांगता का, ते बघत होतो. तुमची पोत्यातली बाटलीही मला पहिल्याच आठवड्यात सापडली. तांदूळ कसा आहे बघावा म्हणून हात घातला होता."

आश्लेषाने ब्रेक जरा जोरात दाबला.

"लेबलावर पेन्सिलीने खूण करून रोज पाहत होतो. दोन महिन्यांत पातळी तसूभर हलली नाही. घरात असून शिवत नाही, केवढा निग्रह! परवाच आशूच्या आईला फोनवर सांगितलं, जावई तपस्वी आहे."

मला खरोखर लाज वाटली. आयुष्यात कुणी मला तपस्वी म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं ते कळायच्या आत मी ते पिऊन टाकलं होतं.

"बाबा, आता आईंना काय सांगणार?" मी विचारलं.

"ते मी बघतो," सासरे खिडकीबाहेर बघत म्हणाले. "तुम्ही तेवढी ती बाटली पोत्यातून काढा. बासमतीला वास लागतो."