निकममामांनी मला विचारलं नाही

निकममामा कुणाच्याही दाराची बेल दोनदा वाजवायचे. तीस वर्षं एस.टी.त कंडक्टर होते, त्यामुळे दोन घंटा दिल्या की काहीही हलतं यावर त्यांचा गाढ विश्वास. आणि खरंच, त्यांनी दोनदा बेल वाजवली की पाच मिनिटांत आतला माणूस चपला अडकवून त्यांच्यामागून जिना उतरताना दिसायचा.

हे मी माझ्या दाराच्या फटीतून पाहायचे. कारण माझी बेल त्यांनी वाजवलीच नाही.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमाराची गोष्ट. द्वारका चौकाच्या मागे आमची तीन मजली सोसायटी. मामा तळमजल्यावर एकटेच राहायचे, मूळचे सटाण्याकडचे; ‘आहे’ला अजून तिकडचं ‘शे’ म्हणायचे. चौकात भाजी आणि फुलं विकायला बसणाऱ्या बायकांच्या मुली संध्याकाळी आमच्या पार्किंगमधल्या ट्यूबखाली अभ्यास करायच्या. सेक्रेटरींनी त्यांना दोनदा हाकललं. तिसऱ्यांदा मामा मध्ये पडले आणि त्यांनी सोसायटीच्या हॉलची किल्ली मागितली. हॉल सभासदांसाठी आहे, असं सेक्रेटरी म्हणाले. त्यावर मामांनी शांतपणे सांगितलं की सभासद वर्षातून एकदा बसतात, बाकीचे दिवस गाडी रिकामी पळते.

किल्ली मिळाली. मग मामा शिकवणारी माणसं गोळा करायला निघाले. बँकेतले जोशी इंग्रजीला. शेखभाभी हिंदीला. दुसऱ्या मजल्यावरचा इंजिनिअरिंगचा प्रसाद विज्ञानाला. दारात कुणी घुटमळलं की मामा म्हणायचे, ‘आत सरका, मागे जागा शे.’ एकदा चपलांच्या ढिगाबद्दल तक्रार करायला सेक्रेटरी आले, तर त्यांनाही हेच ऐकवलं. ते सवयीने आत सरकले आणि तासभर लहान मुलींचे पाढे ऐकत बसले. पुढे दर गुरुवारी येऊ लागले.

आणि मी? मी बावीस वर्षं हायस्कूलमध्ये गणित शिकवत होते. अख्ख्या इमारतीत बोर्डाचे पेपर तपासणारी मी एकटी. गणित कुणाला दिलं होतं? तेही जोशींना.

मला राग आला असं म्हणणं सोपं आहे. खरं म्हणजे मला हेवा वाटत होता. मी वर्गात शिरले की मुली चटकन उभ्या राहत, पण हसत कुणी नसे. आणि इथे ज्या माणसाला धड त्रैराशिक येत नव्हतं, त्याच्याभोवती पोरी सतत किलबिलत. उरलेली शेवंती त्याला आणून देत. मी गॅलरीत कपडे वाळत घालायच्या निमित्ताने खाली बघत राही. शेवटी गोंगाटाबद्दल सोसायटीला एक अर्जसुद्धा लिहिला. ह्यांनी तो वाचला आणि म्हणाले, ‘त्यापेक्षा जा ना खाली.’ बोलावल्याशिवाय कशी जाऊ, म्हणत मी तो फाडला.

मग पूर्वपरीक्षेत सुनंदा गणितात नापास झाली. तिची आई चौकात मेथी-कोथिंबीर विकायची आणि ही घरातली दहावीपर्यंत पोचलेली पहिलीच. नापास झाली तर आईशेजारी भाजीची पाटी घेऊन बसायचं, हे ठरलेलं होतं. एका दुपारी ती माझ्या दारात आली. मामांना सांगू नका म्हणाली आणि तिने वही पुढे केली.

मी शिकवलं. चोरून आली याचा मला आनंद झाला, हे कबूल करते. दुसऱ्या दिवशी ती मैत्रिणीला घेऊन आली. आठवड्याभरात नऊ जणी झाल्या. संध्याकाळी खालचा हॉल अर्धा रिकामा आणि माझी बैठकीची खोली भरलेली. आता मामा येतील, दोनदा बेल वाजवतील आणि मी त्यांना जरा ताटकळत ठेवीन, असं मी मनाशी ठरवून ठेवलं.

ते आले, पण बेल एकदाच वाजली. एवढी हलकी, की मी वाटच बघत होते म्हणून ऐकू आली.

हॉलमध्ये फळा आहे, इथे मुलींना मांडीवर वही घेऊन लिहावं लागतं, एवढंच ते म्हणाले. मी मात्र विचारलं, ‘सगळ्यांना बोलावलंत. मलाच का नाही?’

ते आपल्या चपलांकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘तुम्ही खऱ्या मास्तरीण. तुम्ही आल्या, तर पोरी मला कशाला विचारतील? मला येतं काय? मी सतरंजी टाकतो, दिवा लावतो.’ जिन्याकडे वळत म्हणाले, ‘तीस वर्षं गर्दीत उभा होतो, बाई. आता घरात एकच पॅसेंजर शे.’

इतके महिने हा माणूस माझा हेवा करत होता आणि मी त्याचा. मध्ये फक्त एक जिना होता. मी खडूंचा डबा उचलला आणि मुलींना खाली चला म्हटलं.

जूनमध्ये निकाल लागला. सुनंदा पास झाली, गणितातही, आणि काठावर नाही. पेढे घेऊन आली ती सरळ मामांच्या दारात. मी गॅलरीतून बघत होते. टोचलं, खोटं कशाला बोलू? मग मामांचा आवाज आला, ‘आधी वर जा. गणित बाईंनी शिकवलं.’ पण ती हटली नाही. तिथूनच तिने मला हाक मारली.

मामांच्या घरात मी पहिल्यांदाच पाऊल टाकलं. एक खाट, एक खुर्ची. खुर्ची त्यांनी मला दिली. चहा स्वतः केला आणि कपाटाच्या वरच्या फळीवरून कप-बशांचा खोका काढला. निळी किनार असलेले सहा कप. त्यातले तीन त्यांनी धुऊन, पुसून आणले. मी कप उचलला तेव्हा बोटाला खालून काहीतरी खरखरीत लागलं. दुकानाची चिठ्ठी अजून तळाला तशीच चिकटलेली होती, पिवळी पडलेली.

सुनंदा कॉलेजच्या फॉर्मबद्दल बोलत होती. मामा हातात भांडं घेऊन उभेच होते. अजून अर्धा कप घ्याल का, असं त्यांनी विचारलं. संध्याकाळी चहा घेतला की मला झोप येत नाही.

‘घेते की,’ मी म्हटलं.