पायाळूची उसण

सयाजीने सकाळपासून कांद्याची पोती पाठीवरून पडवीत आणून टाकली, तेव्हा त्याला काही झालं नाही. मग पायातली निसटलेली चप्पल उचलायला तो गुडघे ताठ ठेवून कमरेतून वाकला, आणि तिथेच अडकला. उसण भरली होती.

"चपलीत काय हुडकताय?" त्याच्या बायकोने, साळुबाईने, दारातून विचारलं.

"सरळ व्हता येईना," सयाजी जमिनीकडे बघत म्हणाला.

डिंगोऱ्याची यात्रा तोंडावर आली होती. पालखीचा पुढचा दांडा उचलायचा मान यंदा कितीतरी वर्षांनी सयाजीकडे आला होता. त्याला जमलं नाही, तर तो मान गेणभाऊकडे जाणार. पंचाईत अशी, की गावात पायाळूही एकटा गेणभाऊच. जन्मताना ज्याचे आधी पाय बाहेर येतात तो पायाळू, आणि त्याने पाठीला लाथ लावली की उसण उतरते, असं सारं गाव मानायचं.

साळुबाई गेणभाऊला घेऊन आली. तो नीट लाथ मारील का, या विचाराने सयाजीला घाम फुटला.

"मान मला पायजे व्हता, सयाजी," गेणभाऊ म्हणाला, "पर असा न्हाई. व्हय वाकडा."

"वाकडाच हाय."

गेणभाऊने धोतर खोचलं, देवाचं नाव घेतलं आणि जोर यावा म्हणून कंबर पिळून पाय उचलला. पाय सयाजीच्या पाठीला टेकला, आणि टेकलेलाच राहिला.

"काढ की पाय."

"निघंना, राव."

साळुबाईने कपाळाला हात लावला. "आता पायाळूला लाथ घालाया कोण आणू?"

शेजाऱ्यांनी दोघांना सोडवून पडवीत घोंगडीवर आडवं केलं. इतक्यात सयाजीची दीड वर्षाची नात, संस्कृती, डुलत डुलत आली. वाटेत पाण्याने भरलेला तांब्या होता. ती त्याच्याजवळ थांबली. पाय फाकवले, गुडघे दुमडून खाली बसली, तांब्या छातीशी धरला, जीभ दातांत पकडली आणि सरळ उभी राहिली. पाठ कुठेही वाकली नाही. मग तांब्या तसाच खाली ठेवून तिने पुन्हा उचलला.

दोघे म्हातारे श्वास रोखून बघत होते.

"हिला कुणी शिकवलं?" गेणभाऊने हळूच विचारलं.

"कुनीच न्हाई. आपन बी असंच उचलीत असू."

"मग इसरलो कवा?"



दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनीही तेच सांगितलं, की ओझं अंगाजवळ घ्या, गुडघ्यांतून उठा, कंबर पिळू नका. दोघांनी एकमेकांकडे बघून मान हलवली.

यात्रेपर्यंत दोघांच्या कंबरा सुटल्या. सयाजीने पुढचा दांडा धरला आणि मागचा धरायला गेणभाऊला बोलावलं. दोघे पाय फाकवून खाली बसले, दांडा अंगाशी घेतला, जीभ दातांत पकडली आणि सरळ उठले. पालखी जागच्या जागी वर गेली, जरासुद्धा हलली नाही. वाजंत्रीवाले वाजवायचे थांबले. कुणीतरी हात जोडले, मग सगळ्यांनीच जोडले.

पुढच्या वर्षी मानकरी तसेच बसून उठले, जीभ दातांत धरून. त्याच्या पुढच्या वर्षीही. आता कुणी विचारलं, तर देवाचा नेम आहे म्हणून सांगतात.

संस्कृती चौथीत गेली, तेव्हा पालखीपुढे हात जोडून तिने विचारलं, "आजोबा, जीभ दातांत धरायची, हे कोणत्या देवानं सांगितलं?"

सयाजीने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"व्हता एक," तो म्हणाला. "तांब्यापेक्षा जरा मोठा."