सतरा सुनांच्या नांवांस्तव संगणक आणिला, त्याची बखर

॥ श्री ॥ आधीं नमन गजाननास, जो एकदां लिहावयास बसला तो ग्रंथ पुरा होईतों उठला नाहीं. मग नमन भिंतींतील विजेच्या खटक्यास, ज्यावांचून हल्लीं ग्रंथ होत नाहीं. शके एकोणीसशें पंचेचाळीस, शोभननाम संवत्सर, चैत्र मासीं एका राज्यांत जें घडों लागलें आणि आश्विनांत जें घडून चुकलें, तें ऐकिलें तैसें लिहितों. राज्याचें नांव कोणास ठाऊक नाहीं. विस्तार तीन खोल्या, पश्चिमेस एक गॅलरी, मजला तिसरा, आणि लिफ्ट आठवड्यांतून चार दिवस. गादीवर राजे विश्वंभरपंत, पाटबंधारे खात्यांत चौतीस वर्षें फायली सांभाळोन निवृत्त जाहलेले. त्यांच्या राणी वैजयंतीबाई, यांनीं शाळेंत भूगोल शिकवोन पोरांच्या तीन पिढ्यांस नद्या पाठ करविल्या. आणि राजियांच्या थोरल्या काकूसाहेब, वय वर्षें ब्याण्णव, या गॅलरीपाशीं वेताच्या खुर्चींत बसत आणि बहुतकरोन दुसरेच कोठें असत. तथापि दुपारीं तीन वाजतां पश्चिमेचें ऊन फरशीवरोन सरकत येई आणि त्यांच्या पावलांस लागे, आणि मग घटका दोन घटका त्यांस सर्व आठवे, आणि ऊन पावलांवरोन गेलें की पुन्हा कांहीं नाहीं.

ऐसियास कुळाच्या मंडळाचें पत्र आलें की कुलवृत्तांत नव्यानें छापणें आहे, तरी माहिती संगणकावरील नमुन्यांत टंकून पाठवावी, हातानें लिहिलेली घेतली जाणार नाहीं. राणीसाहेबीं जुना ग्रंथ उघडोन पाहिला, तों पुरुष जितके तितकीं नांवें, आणि बायका पाहाव्या तों लक्ष्मी, सरस्वती, पुन्हा लक्ष्मी, पुढें आणीक एक लक्ष्मी. कां की या कुळीं सून उंबरा ओलांडोन आली की ताटांत तांदूळ पसरावे, नवऱ्यानें अंगठीनें त्यांत नवें नांव लिहावें, आणि जुनें नांव माहेरच्या ट्रंकेबरोबर माळ्यावर जावें, हा शिरस्ता. ऐशा सुना, काकूसाहेब धरोन, सतरा. त्यांचीं माहेरचीं नांवें अवघ्या जगांत एका काकूसाहेबांसच ठाऊक. त्या नव्या सून असतां दुपारीं निवडण-टिपण चाले, पुरुष निजलेले असत, आणि सासवा, चुलतसासवा एकमेकींस जुन्या नांवांनीं हांका मारीत, मेलेल्यांच्याही गोष्टी जुन्या नांवांनीं सांगत, आणि ओसरीवर कोणी खाकरलें की पुन्हा लक्ष्मी होत. चैत्रांत एके दुपारीं राणीसाहेबीं सहज पुसलें तों काकूसाहेब हंसोन बोलल्या, “ती मधली लक्ष्मी? ती कसली लक्ष्मी! ती मथू. नदीला पूर आला की पोहायला उतरायची. सासऱ्यांना वाटायचं, गाय वाहून चालली.” राणीसाहेबीं मुढा जवळ ओढिला आणि पुढचीं एकेक पुसलीं. सतराच्या सतरा त्या दुपारीं काकूसाहेबांपाशीं होत्या.

आतां कोणी म्हणेल, तेव्हांच कां न लिहिलें? तर राणीसाहेबांचा उजवा हात थरथरे, दोन ओळींपुढें आपलें अक्षर आपणांस न लागे. फोनवर एक अक्षर दाबावें तों शेजारचीं दोन उमटत. ध्वनिमुद्रण करावें म्हणोन फोन पुढें धरिला, तों काकूसाहेब तोंड जवळ नेऊन “हॅलो, कोण बोलतंय?” ऐसें विचारीत बसल्या आणि ऊन निघोन गेलें. तेव्हां राणीसाहेबीं राजियांस विनविलें की तुम्हीच वहींत लिहून घ्या. राजे बोलले, “कच्चं कशाला करायचं? नमुना संगणकावर भरायचाच आहे, यंत्र येतंच आहे. एकदाच काय ते पक्कं करू. दुबार काम आमच्या खात्यात कधी झालं नाही.” राणीसाहेब बोलल्या, “तुमच्या खात्यात एकबार तरी झालं होतं का?” परंतु त्यांसही वाटलें, आठ दिवसांचा तर प्रश्न, आणि येथें जी चूक जाहली ती दोघांची जाहली, बखरकारानें एकाच्या माथां मारूं नये.

मग राजे राणीसाहेबांसह यंत्राचे शोधास बाहेर पडले. मोठ्या रस्त्यास रफीक तांबोळी म्हणोन सौदागर, दुकान अरुंद आणि लांब, आंत दुपारींही सांज. दोहों बाजूंस पडदे मांडिलेले, आणि प्रत्येक पडद्यावर तोच एक हिरवा डोंगर, तेंच आकाश, त्या डोंगरावर कोणी माणूस नाहीं, गुरूं नाहीं, आणि राजे त्या हिरव्याकडे पाहत उभे राहिले ते किती वेळ, त्यांचें त्यांस कळलें नाहीं. तांबोळी बोलले, “साहेब, काम काय आहे त्यावर?” राणीसाहेब बोलल्या, “नावं लिहायचीत. विजेचं बिल भरायचं. आणि मुलगी परदेशात आहे, तिचं तोंड जरा मोठं दिसायला हवं.” तांबोळीयांनीं कोपऱ्यांतलें एक काळें खोकें पुढें ओढिलें. “मग हे न्या. आठ जीबी रॅम, एसएसडी नवी टाकलीय, एकवीस इंची पडदा, की-बोर्ड, माउस. एका बँकेत होतं. नऊला यायचं, पाचला जायचं, सालस आहे.” राजे दचकले. “म्हणजे वापरलेलं?” “साहेब, तुम्ही पण निवृत्तच ना? काम करताच की घरात.” राणीसाहेब हंसल्या आणि बोलल्या, “कुठं करतात?” राजियांस तें फार लागलें. घेऊं म्हणावयाचें तें जिभेवरच राहिलें, आणि मुखांतोन निघालें तें या देशीं पूर्वापार निघत आलें तेंच: “चार ठिकाणी विचारून येतो.”

आणि मग चार ठिकाणीं विचारणें सुरू जाहलें. पहिलें ठिकाण भाचे ओजस, पुण्याकडे संगणकाच्या पेढींत चाकरीस. त्यांणीं फोनवरोन सांगितलें, “मामा, आठ जीबी म्हणजे आज घ्यायचं आणि उद्या रडायचं. सोळा घ्या, प्रोसेसर नवीन पिढीचा घ्या, ग्राफिक कार्डाला जागा ठेवा. फ्यूचर बघायचं असतं.” राणीसाहेब मागोन बोलल्या, “ओजस, या नावांतलं कोणी आता फ्यूचरमधे जायचं नाही रे.” तरी राजियांनीं तें सर्व लिहोन घेतलें. दुसरें ठिकाण सोसायटीचे चिटणीस. ते म्हणाले, पडदा आणि यंत्र एकांत एक असें घ्या, तारा दिसत नाहींत. तिसरें ठिकाण जुने कचेरीचे मित्र. ते म्हणाले, संगणक मुळीं घेऊंच नका, आमचा पडून आहे. चवथें ठिकाण अद्याप चालूच आहे, कां की इंटरनेटावर एक मत पाहावें तों त्याखालीं त्याच्या उलट मत. राजियांनीं फुलस्केपावर उभे आडवे रकाने आंखिले आणि त्यांत यंत्रें भरिलीं, आणि कोणतें थोर कोणतें लहान हें पाहतां पाहतां अक्षयतृतीया गेली. ज्येष्ठांत कोणी म्हणालें, सेल लागणार. तो लागला, तेव्हां कोणी म्हणालें, याहून मोठा लागणार. मग त्या वर्षीं अधिक श्रावण पडला, आणि अधिकांत नवी वस्तु घरांत आणूं नये. मग गणपति आले, ते गेले, आणि पितृपक्ष आला, त्यांत तर नांवही काढूं नये.

आणि इकडे गॅलरीपाशीं ऊन रोज येत होतें. राणीसाहेब रोज तीन वाजतां मुढा ओढोन बसत आणि हळूच पुसत. आषाढांत सोळा नांवें निघालीं. अधिकांत पंधरा. एके दिवशीं काकूसाहेब एका सुनेची अवघी हकीकत बोलल्या: डाव्या गालावर तीळ, आमटींत गूळ फार घालावयाची, सापास भीत नसे आणि मांजरास भीत असे, आणि नांवापाशीं येऊन थांबल्या, जसें कोणी जिन्यांत अंधारीं शेवटली पायरी चांचपावी. “ओठांवर आहे गं,” म्हणाल्या. राणीसाहेब त्यांच्या ओठांकडे पाहत राहिल्या. नांव तेथें नव्हतें. राणीसाहेबीं आपल्या स्मरणांत तीं नांवें धरोन ठेविलीं असतील ऐसें कोणी म्हणेल. तर त्यांनींही धरिलीं, परंतु कोण कोणाची, मथू थोरली की धाकटी, हें दुसऱ्या दिवशीं त्यांच्यापाशींही घोटाळत असे, आणि खोटें नांव खऱ्या बाईस देणें त्यांस तांदळाच्या ताटाहून वाईट वाटे.

भाद्रपद वद्यांत राजे जेवोन वामकुक्षीस आडवे जाहले असतां त्यांस स्वप्न पडलें, तें असें. एक मोठें मैदान, त्यावर धुकें, आणि धुक्यांत यंत्रांचे बुरूज उभे, प्रत्येकाच्या कपाळीं एक निळा दिवा, आणि आंतोन पंख्यांचा घूं घूं ध्वनि येतो. आणि एकेक प्रोसेसर पुढें येऊन मुजरा करी आणि म्हणे, आम्ही दहाव्या पिढीचे, आम्ही बाराव्या पिढीचे, आणि राजे फुलस्केप हातीं घेऊन टिपीत होते. मग त्या बुरुजांमागोन बायका चालत निघाल्या, नऊवारी नेसलेल्या, कडेवर घागरी, पावलांचा आवाज नाहीं. राजियांनीं अदबीनें पुसलें, “आपण कोणत्या पिढीच्या?” त्या न थांबतां बोलल्या, “तुझ्याच.” राजे म्हणाले, “मग नाव सांगा, रकाना तयार आहे.” शेवटली बाई वळली आणि हंसोन बोलली, “यंत्र आलं की सांगू.” आणि धुक्यांत गेली. राजे उठोन बसले आणि चहा मागितला. स्वप्न कोणास सांगितलें नाहीं. परंतु पितृपक्ष सरतांच जोडे घालोन निघाले, आणि तांबोळीयांचे दुकानीं जाऊन बोलले, “ते बँकेतलं आहे का अजून?” तांबोळी बोलले, “आहे की. तुमच्यासाठी ठेवलं म्हणून नाही, कोणी नेलं नाही म्हणून.”

आश्विन शुद्ध अष्टमीस यंत्र राज्यांत दाखल जाहलें. तांबोळी स्वतः येऊन तारा जोडोन गेले. जातांना म्हणाले, “चालू करून दाखवू?” राजे म्हणाले, “आज नको. उद्या खंडेनवमी, पूजेला बसेल. दसऱ्याला उत्तरपूजा झाली की सुरू.” तांबोळी बोलले, “बरोबर. आठ महिने तुम्ही त्याला बघितलंत, आता एक दिवस त्याला बघू द्या तुम्हाला.” नवमीस चौरंग मांडिला, त्यावर विळी, पक्कड, राजियांचें कचेरींतलें फाउंटन पेन, आणि मध्यभागीं यंत्र, त्यास गंध, कुंकू, झेंडूची माळ. खंडेनवमीस पूजेस बसलेल्या हत्यारास उत्तरपूजेपर्यंत हात लावूं नये, हा शिरस्ता.

दुपारीं तीन वाजले. ऊन आलें, काकूसाहेबांचे पावलांस लागलें. त्यांणीं डोळे उघडोन झेंडू पाहिला आणि म्हणाल्या, “आज केळवण कोणाचं गं? ठकू आली, मथू आली. गजी आली का? तिला पुढं बसव, तिला कमी ऐकू येतं.” अशा सुरांत त्या श्रावणापासोन बोलल्या नव्हत्या. राणीसाहेब उठल्या आणि चौरंगाकडे निघाल्या. राजे ओरडले, “अहो, हात नका लावू! उत्तरपूजा व्हायचीय.” राणीसाहेब बोलल्या, “देवाला मी उद्या सांगेन. काकू उद्या असतील इथं?” राजे चौरंगापाशीं आले. मग चौतीस वर्षांत जें केलें नव्हतें तें केलें. कोणास न पुसतां निर्णय घेतला. माळ काढिली आणि यंत्राचा खटका स्वतः दाबिला. पडदा निळा जाहला. त्यावर पांढरे ठिपके रिंगण धरोन फिरूं लागले आणि खालीं अक्षरें उमटलीं की अपडेट चालू आहे, संगणक बंद करूं नये. राजे आणि राणी त्या ठिपक्यांकडे पाहत उभे, आणि मागें काकूसाहेब बोलत चाललेल्या, “वारू आली. ती दारातच उभी राहील बघ, आत ये म्हटल्याशिवाय यायची नाही.” शेंकडा तीन जाहलें. शेंकडा चार जाहलें. तेव्हां राजियांनीं चौरंगावरचें पेन उचलिलें, त्यास कुंकू होतें तैसेंच, आणि पडद्याचें रिकामें खोकें ओढोन त्याच्या पुठ्ठ्यावर फरशीवरच बसोन लिहूं लागले. “काकू, वारू कोणाची?” “अरे, तुझ्या पणजोबांची धाकटी सून.” “आणि ठकू?” “तिची जाऊ. पटायचं नाही दोघींचं, पण एका ताटात जेवायच्या.” राजे लिहीत गेले, आणि ऊन पावलांवरोन सरकत गेलें. अकरा नांवें निघालीं. मग राजे बोलले, “काकू, तुमचं?” काकूसाहेब लाजल्या. “माझं कशाला मेलं.” “सांगा तरी.” त्यांणीं गॅलरीबाहेर पाहिलें आणि हळूच म्हणाल्या, “विचारून सांगते.” ऊन मागल्या भिंतीवर गेलें होतें.

दसऱ्यास यंत्र सुरळीत चालूं लागलें. की-बोर्डाच्या कळा मोठ्या, तेव्हां राणीसाहेब एका बोटानें टंकीत बसल्या, आणि राजे पुठ्ठा वाचोन सांगत, आणि सायंकाळपर्यंत नमुना भरला. सतरा ओळी, पैकीं अकरांत नांवें. रिकाम्या सहा पुसोन टाकाव्या की काय, ऐसें राजे बोलले. राणीसाहेबीं नाहीं म्हणोन मान हालविली. काकूसाहेबांची खुर्ची पडद्यापुढें आणिली, त्यांणीं त्या उजेडाकडे पाहिलें, आणि शेवटल्या रिकाम्या ओळीवर बोट ठेवोन पुसलें, “इथं कोण?” राणीसाहेब बोलल्या, “एक बाई आहेत. यायच्यात अजून.” काकूसाहेब म्हणाल्या, “मग पाट मांडून ठेव. उभं राहावं लागू नये तिला.”

तात्पर्य, शोध मास आठ, अधिक धरोन. यंत्र पहिल्या दिवशीं पाहिलें तेंच आलें, आणि चांगलें चालतें. नांवें सतरा होतीं, अकरा राहिलीं. नमुना मंडळास पोहोंचला, आणि सहा ओळी रिकाम्या कां, ऐसें त्यांचें पत्र आलें आहे. त्यास उत्तर अद्याप गेलें नाहीं. इति.