अर्धचंद्र

कापसाचे दोन बोळे.

दुरुस्तीला टाकलेला चष्मा.

पांढऱ्या चिकटपट्टीवर घाईघाईत लिहिलेला एक शब्द.

उद्या सकाळी आठ वाजता गायिकेच्या घशाचं ऑपरेशन.

ऑपरेशननंतर आवाज राहील की नाही, हे डॉक्टर सांगत नव्हते. म्हणून पंक रॉकचा हा अल्बम आजच, भरल्या हॉलमध्ये, एका दमात रेकॉर्ड व्हायचा होता. नऊ गाणी. शेवटचं चालू होतं. पोरं उड्या मारत होती, खांब थरथरत होते, आणि रेकॉर्डिंगवाल्यानं यंत्रावर कुणीतरी फेकलेलं जॅकेट उचललं.

लाल दिवा विझलेला.

तो वायर धरून भिंतीपर्यंत धावला. बटणाशेजारी हॉलचे रखवालदार काका स्टुलावर निवांत.

"काका, हे कोणी बंद केलं?"

"मीच. पहिल्या गाण्यालाच. तुम्हीच लिहिलंय की, 'बंद'!"

"'बँड' लिहिलंय! बँडच्या रेकॉर्डिंगचं बटण!"

काकांचा चष्मा दुरुस्तीला होता; त्यांनी पट्टीला नाक लावलं. "मग अर्धचंद्र कुठाय?"

घाईत 'ड'चा 'द' दिसत होता, आणि अर्धचंद्र पट्टीत मावला नव्हता. भिंतीवर गेला होता.

"आता गाणारी ताई देईल मला अर्धचंद्र," रेकॉर्डिंगवाला म्हणाला आणि बटण दाबलं. यंत्र जागं व्हायला एक मिनिट लागे. गाणं उरलं होतं अर्धं मिनिट.

तो हात हलवत गर्दीत घुसला. "थांबा! थांबा!" पोरांना वाटलं, गडी रंगात आला. त्यांनी त्याला उचललं. डोक्यांवरून, हातांवरून, एक बूट गमावत तो थेट स्टेजवर, गायिकेच्या पायाशी येऊन आदळला. गाणं संपलं होतं. त्यानं माइक ओढला.

"रेकॉर्ड झालेलं नाही!"



मग हॉल गरजला, "झालेलं नाही!"

"अहो, खरंच झालेलं नाही!"

"खरंच! झालेलं नाही!"

ड्रमवाल्यानं ठेका धरला. गायिकेनं रेकॉर्डिंगवाल्याकडे असं पाहिलं, की त्यानं डोळे मिटून मान पुढे केली. तिनं मान धरली नाही, माइक धरला. उरलासुरला सगळा आवाज त्या दोन शब्दांत ओतला. चार मिनिटं. शेवटी नुसती हवा आली.

यंत्रावर लाल दिवा लागला होता.

ऑपरेशननंतर तिनं ते ऐकलं. बोलायची बंदी होती. तिनं पाटीवर लिहिलं, 'अल्बम एवढाच.' आणि खाली अल्बमचं नाव: 'बंद'. अर्धचंद्र न देता.

दुपारी पट्टी चिकटवली जात असताना काकांनी दोनदा विचारलं होतं, "हे काय लिहिलंय?" तेव्हा रेकॉर्डिंगवाल्याच्या कानात बोळे होते.