एकशे सतरा निळी शेरडं

सर्वेक्षण कसं करावं हे मला कुणी शिकवायची गरजच नव्हती! पुण्यात अर्थशास्त्र आणि सार्वजनिक धोरण या विषयात एम.ए. करतेय, दुसरं वर्ष. नमुना निवडणं, प्रश्नावली, आकडेमोड, सगळं तोंडपाठ. लघुप्रबंधासाठी चौऱ्याऐंशी प्रश्न मी स्वतः काढले, स्वतः टॅबवर चढवले आणि मार्गदर्शक मॅडमपुढं अशा काही थाटात मांडले की त्यांनी चष्माच काढून ठेवला.

विषय असा की शेळीपालक कुटुंबं जनावर कधी विकायचं ते कसं ठरवतात, आणि सरकारी योजना त्यात कुठं कमी पडतात. ठिकाण, बीड जिल्ह्यात नांदूरघाटच्या पुढची एक वस्ती. घरं चाळीस. रोज एक घर, म्हणजे दिवसही चाळीस.

"चाळीस दिवस?" मॅडम म्हणाल्या, "अगं, दिवसाला चार घरं सहज होतात!"

"मॅडम, आमच्याकडची माणसं फार सविस्तर बोलतात," मी म्हणाले.

आता तुमच्यापासून काय लपवायचं? ती वस्ती माझीच. धोरणाची काळजी मला आहे, नाही असं नाही, पण त्याहून जास्त मला घरी जायचं होतं! पाच वर्षं झाली पुण्यात. दिवाळीला चार दिवस घर, की परत एस.टी.त. उन्हाळ्यात कसली ना कसली इंटर्नशिप. वसतिगृहातून मायला फोन लावायचा आणि म्हणायचं, "माय, फोन जरा शेरडांकडं धर." ती बिचारी धरायची. इकडं मी कॉटवर डोळे मिटून दहा-दहा मिनिटं बें-बें ऐकत पडायची. खोलीतल्या अफसानाला कितीतरी महिने वाटत होतं की माझं कुठंतरी जुळलंय! तर चाळीस दिवस मला हवे होते ते असे. मायच्या हातची भाकर, वडलांच्या, आबांच्या, मागं माळावर फिरणं आणि अंगाला शेरडांचा वास. लघुप्रबंध काय, झालाच असता जाता जाता.

पहिलं घर नाथामामांचं. मामा बाजेवर बसले होते, मागं जाळीची वाघर भरलेली, निदान साठ शेरडं आत. मी टॅब काढला आणि नियमाप्रमाणं वाचलं, "या सर्वेक्षणात सहभाग ऐच्छिक असून आपण कधीही माघार घेऊ शकता."

"घेतली माघार," मामा म्हणाले. "आता च्या पी."

"मामा, ते नुसतं वाचायचं असतं! तुमचं पूर्ण नाव?"

"माझं नाव तुला ठाव न्हाई? माझ्या खांद्यावर बसून जत्रंला गेलतीस की!"

"विचारावंच लागतं. वैवाहिक स्थिती?"

मामांनी एकदा आत चुलीकडं बघितलं आणि आवाज उतरवला. "हळू इचार की पोरी. ऐकतीया ती."

कशीबशी सातव्या प्रश्नावर आले. "शेळ्या किती?"

"हायती देवाच्या दयेनं च्यार-दोन."

"मामा, मागं साठ दिसतायत!"

मामा बाजेवरून उठलेच. "तोंडातून आकडा काढू नगं! जित्राब मोजलं की घटतंया!"

झालं! दुसरं घर, च्यार-दोन. तिसरं घर, च्यार-दोन. उत्तरेश्वरकाकांकडं तर संगीताकाकूंनी माझ्यादेखत वाघरीवरून मिरच्या उतरवून टाकल्या, कारण मी वाघरीकडं बघताना माझे ओठ हलत होते म्हणे. तीन दिवसांत माझ्या टॅबप्रमाणं झालेल्या सगळ्या घरांत मिळून एवढी शेरडं होती की ती एका रिक्षात बसली असती.

तिसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला. "शिवकन्या, हे काय पाठवलंयस? शुक्रवारपर्यंत धड आकडे आले नाहीत, तर सरळ परत ये. ग्रंथालयातल्या जुन्या माहितीवर प्रबंध कर."

माझे चाळीस दिवस! तीन दिवसांत कुठं मन भरतंय का? आबा अजून माझ्याशी पाहुणीशी बोलावं तसं बोलत होते, "जेवलीस का, झोप लागली का" एवढंच. मला अजून ते जुन्यासारखं ओरडलेसुद्धा नव्हते. मी ठरवलं, शुक्रवारच्या आत आकडे काढीन, पण पुण्याला जाणार नाही!

आणि मला दुसऱ्या सत्राचा तास आठवला. तळ्यातले मासे मोजता येत नाहीत, म्हणून काय करतात? पहिल्या दिवशी काही मासे पकडून खूण करून सोडतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा पकडायचे, त्यात खुणेचे किती निघतात ते बघायचं आणि त्यावरून सगळ्या तळ्याचा अंदाज बांधायचा. म्हणजे मोजल्याशिवाय आकडा! कुणाच्या जित्राबाला नजर नाही, कुणाच्या तोंडातून शब्द नाही. एवढी हुशार मी आहे हे मला त्या दिवशी नव्यानंच कळलं.

खुणेला रंग हवा. मायची कपड्याला घालायची नीळ होती, आख्खी बाटली. रोज दुपार कलताना सगळी शेरडं पाझर तलावावर पाण्याला येतात. राखणारे बाभळीखाली तंबाखू मळत बसतात. त्याच बुधवारी तलावाच्या चिंचोळ्या वाटेवर मी उभी राहिले, आणि येईल त्या शेरडाच्या पाठीवर निळीचा पट्टा! एकशे सतरा झाली, बाटली संपली.

"काय करतीया रं हरिबाची पोर?" बाभळीखालून कुणीतरी विचारलं.

"कुरवाळतीया. लई दिसांनी आलीया न्हवं!" दुसरा म्हणाला. आणि खरं सांगते, ते काही खोटं नव्हतं. काही शेरडांना मी दोनदा कुरवाळलं.

शेरडं अंधार पडल्यावर वाघरीत शिरली, आणि गुरुवारी सकाळी जाग आली ती संगीताकाकूंच्या आरडाओरड्यानं.

"माझी चंद्री इकली? माझ्या म्हायेरची चंद्री? मला न इचारता!"

आमच्याकडं माहेराहून आलेली शेळी बायकोची. तिला नवऱ्यानं हात लावायचा नाही, हा कायदाच समजा. उत्तरेश्वरकाका वाघरीत उभं राहून शपथा घेत होते, "अगं न्हाई इकली! देवाशपथ न्हाई इकली!"

"मग पाठीवर पट्टा कावून हाय?"

पलीकडं नाथामामा मुलाच्या, रविराजच्या, मागं काठी घेऊन धावत होते. "मोबाइलपायी जनावर इकतोस बे? माझी एकवीस शेरडं!" तिसऱ्या घरी सासू सुनेवर, चौथ्या घरी सून सासूवर. वस्तीत एकही घर असं नव्हतं जिथं कुणी कुणाला चोर म्हणत नव्हतं! संगीताकाकूंनी तर पिशवी भरली आणि माहेरी निघाल्या, चंद्रीला दोरीनं ओढत.

मला काहीच उलगडेना. एवढ्याशा निळीनं एवढा गोंधळ?

तेवढ्यात फिरोजभाईंचा टेम्पो आला. फिरोजभाई म्हणजे आमच्या भागातले जुने शेळ्यांचे व्यापारी. माणूस सरळ, जीभ गोड. टेम्पोतून उतरले, चंद्रीची पाठ बघितली, नाथामामांची वाघर बघितली, आणि कपाळावर हात मारला.

"माझा रंग कुनी वापरला बे? निळा माझा हाय! ह्या भागात दुसरा कोन व्यापारी घुसला?"

आणि तेव्हा, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. सौदा पक्का झाला की फिरोजभाई जनावराच्या पाठीवर निळा पट्टा ओढतात आणि बाजाराच्या दिवशी टेम्पोत घालून नेतात. निळा पट्टा म्हणजे विकलं! वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं.

सगळी वस्ती फिरोजभाईंवर तुटून पडली. "कुनाशी सौदा केलास ते सांग!" भाई हात जोडून म्हणत होते, "ह्या हप्त्यात मी सगळी मिळून नऊ घेतली! नऊ! बाकीची मला ठाव न्हाईत!" आणि बोलता बोलता त्यांची नजर माझ्याकडं वळली.

"शिवू बेटा. हात दाव."

मी हात मागं घेतले. उशीर झाला होता. दोन्ही हात कोपरापर्यंत निळे!

मी घाईघाईनं सांगायला लागले. "ही मासे मोजायची पद्धत आहे. आधी खूण करायची, मग..."

"माझी चंद्री मासा हाय व्हय गं?" संगीताकाकू कडाडल्या.

गर्दीतून आबा पुढं आले. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, "शिवे, निळा कशाचा असतुया, ठाव न्हवतं तुला?"

आठ वर्षांची असताना मीच धरायची जनावर, फिरोजभाई पट्टा ओढायचे आणि मी रडायची. ते मी विसरले! खूण कशी करायची, कितींना करायची, सगळं पुस्तकातलं आठवलं, आणि निळा रंग विसरले. मला इतकं रडू आलं की सांगता सोय नाही. पाच वर्षं मी ज्या घरासाठी झुरत होते, त्या घरचं साधं एवढं मला माहीत राहिलं नव्हतं.

पण गर्दीला माझ्या रडण्याशी काय देणंघेणं! फिरोजभाईंना त्यांची खरी नऊ शेरडं शोधायची होती. ते ओरडले, "येक येक जन सांगा, तुमची निळी किती!"

"माझ्या त्रेसष्टातली एकवीस निळी!" नाथामामा तावातावानं म्हणाले.

"माझ्या एकतीसांतली बारा!" काका म्हणाले.

"आन् मी इकीन कावून? लेकीचं बाळंतपण असल्याबिगर आमी तरनी पाठ-शेळी इकत न्हाई!" तिसऱ्या घरची सासू म्हणाली.

मागून कुणीतरी ओरडलं, "आमी तर चारा संपल्यावरच बोकड इकायला काढतो! दर वर्सी! इचारा कुनालाबी!"

मी रडत होते, पण हात टॅबवर गेलाच. प्रश्न सात. प्रश्न एकतीस. प्रश्न चव्वेचाळीस! भांडणाच्या तावात माणूस काय खरं बोलतो म्हणून सांगू! कुणी का विकतो, कुणाला विचारून विकतो, योजनेची शेळी कशी तिसऱ्या महिन्यात मेली, सगळं बाहेर आलं. दुपारपर्यंत एकोणचाळीस घरं पूर्ण. एक आमचं तेवढं राहिलं.

मग मी घरोघर गेले, माफी मागितली आणि विचारलं, रागात बोललेलं लिहू का? नाथामामा म्हणाले, "लिव. भाईर पडलाच आकडा, आता काय झाकतीस?" तरी दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या प्रत्येक शेरडाच्या गळ्यात काळा दोरा होता. एकशे सतरा शेरडं मी तलावावर स्वतः धुतली. ती नीळ साबणाच्या बापालाही दाद देत नाही! फिरोजभाईंनी त्या आठवड्यापुरता हिरवा रंग धरला, आणि संगीताकाकूंनी माहेरी जाणं पुढं ढकललं, कारण चंद्रीच चालायला तयार होईना.

शुक्रवारी मॅडमचा फोन. "शिवकन्या! एका दिवसात एकोणचाळीस घरं? आणि काय माहिती आहे गं! अप्रतिम! राहिलेलं घर उद्या कर आणि सोमवारी हजर हो. आता तिथं राहायचं कारणच नाही!"

घ्या! चाळीस दिवसांतले पाच झाले होते. पस्तीस दिवस मी माझ्याच हुशारीनं घालवले.

शनिवारी सांजच्याला चुलीपुढं बसले आणि चाळिसावं घर उघडलं. माय भाकरी थापत होती.

"घरातली माणसं किती?"

"च्यार. तुजा आबा, मी, हरिओम आन् तू."

पुढचा प्रश्न, गेल्या वर्षात कोण किती महिने घरी राहिलं. आबा बारा. माय बारा. धाकटा हरिओम बारा. मग मी.

माय बोटांवर मोजायला लागली. "दिवाळीचं च्यार दिस. तुजी परीक्षा झाल्यावर आठ. ह्ये धरून... म्हयना भरंल का गं?"

मी एक लिहिलं. टॅबनं माझं नाव लाल केलं आणि यादीतून काढून टाकलं. सहा महिन्यांपेक्षा कमी राहिलेली व्यक्ती कुटुंबाची सदस्य नाही! नियम बरोबर आहे. सगळ्या पुस्तकांत आहे. टॅबमध्ये तो मीच घातला होता.

"काय म्हनतंय ते?"

"म्हणतंय, तीनच माणसं."

मायचा हात परातीत थांबला. "कसं काय तीन? रोज च्यार मानसांचं पीठ घेती मी. पाच वर्सं झाली. येक भाकर उरती, ती सकाळी शेरडांना घालती. इचार त्या डबड्याला, ती भाकर कुनाची म्हून!"

मला पुढचा प्रश्न दिसेना. डोळे पुसले, मागं गेले, आणि माझ्या नावापुढं लिहिलं, बारा महिने. टॅबनं मुकाट मला घरात घेतलं.

तर माझ्या लघुप्रबंधात चाळीस घरांची माहिती आहे, आणि त्यात खोटा आकडा फक्त एक आहे. तो दुरुस्त करायचा माझा विचार नाही. मॅडमना तेवढं बोलू नका!