कोणत्या चाकावर किती भार

टांग्यात बसण्याआधी दामूअण्णा सोबतच्या प्रवाशांना वजन विचारत. बायकांनासुद्धा. स्टेशनहून गावात, शनवारा वेशीला, येताना एकदा त्यांनी एका धिप्पाड बाईंना तोंडावर सांगितलं, "बाई, पुढं सरका. तुमी मागं बसल्या तं घोडा वर जाईन!" त्या आमच्या हेडमास्तरांच्या सासूबाई निघाल्या. मी त्यांच्याच शाळेत मास्तर आणि टांग्यात अण्णांच्या शेजारी बसलेलो, त्यामुळे पुढे वर्षभर ते मीच निस्तरलं.

अण्णा माझे शेजारी. इंजिनाच्या चाकांवर किती भार पडतो, ते मोजण्यात त्यांची रेल्वेतली हयात गेली. पेन्शन लागली, पण मोजणं सुटलं नाही. "एकूण वजन कोन पुसतं, मास्तर? कोनत्या चाकावर किती, ते बोला!" हे त्यांनी मला माझ्या लग्नात, बोहल्यावरही ऐकवलं होतं.

तिकडे संस्थानं देशात सामील होत होती, इकडे कोळशाच्या टंचाईमुळे काही इंजिनं तेलावर चालवायला घेतली होती. अण्णांना दुसरी बातमी मोठी वाटली. अशाच एका इंजिनावर त्यांचा जावई वसंता फायरमन होता. कोळसा गेला की इंजिन हलकं होतं आणि तापीच्या पुलावर रूळ सोडतं, असं कुणीतरी कुसुमच्या, त्यांच्या एकुलत्या लेकीच्या, डोक्यात भरवलं होतं. पोरीला नुकतेच दिवस गेले होते, ती माहेरी आली होती. तिला अन्न गोड लागेना.

अण्णांनी रेल्वेच्या साहेबाकडे अर्जांचा सपाटा लावला. भट्टीतल्या लोखंडी जाळ्या काढल्या, विटा बसवल्या, इंजिनामागच्या टेंडरच्या डब्यात कोळशाच्या जागी तेलाची टाकी आली; तरी प्रत्येक आसावरचा भार नव्याने मोजून लेखी कळवावा. अक्षर माझं. चार महिने उत्तर नाही. मग अर्जावर गावाच्या सह्या हव्यात म्हणून वेशीपाशी प्रात्यक्षिक ठरलं. केळीच्या बैलगाडीतले घड उतरवून अण्णांनी पाण्याचं पिंप बरोबर आसावर ठेवलं. बैल निवांत रवंथ करत राहिले. "पाहा! माल बदलला, मगर भार जागेवर!" असं ओरडत अण्णा भाषणासाठी गाडीच्या मागच्या टोकावर चढले. स्वतःला तेवढं हिशेबात धरायचं राहिलं. गाडी उलाळ होऊन मागे टेकली, बैल बिथरले, आणि अण्णा पिंपासकट जिलेबीवाल्याच्या ओट्याला जाऊन लागले. सह्या मात्र भरभरून मिळाल्या. एवढी करमणूक गावात फुकट कुठे होते?

शेवटी साहेबाचा शिक्क्याचा कागद आला. सगळ्या आसांवरचा भार मर्यादेत होता. मी मुद्दाम चिडवायला गेलो.

"काय अण्णा, डोंगर पोखरून उंदीरच निघाला की!"

"तेवढाच निघनार होता," अण्णा हळूच म्हणाले. "पयल्याच दिवशी मी हिसाब केला होता. सारं बरोबर होतं."

"मग कुसुमला तेव्हाच का नाही सांगितलं?"

"सांगतलं ना. दहा बार सांगतलं. मगर बापाच्या सांगन्यानं पोरीचं भेव जाते काय, मास्तर? तिले वाटते, बाबा माझं मन राखून राहिले. साहेब कोनाचं मन राखत नाही."

या माणसाला गावाने चार महिने वेडा ठरवलं होतं, आणि गावात मीही होतो. मी काही बोलणार, एवढ्यात आतून कुसुमचा आवाज आला, "आई, अजून एक भाकर हाय का वं? भूक लागली मले."

अण्णांनी घाईघाईने ओठांवर बोट ठेवून मला गप्प केलं.