ऑस्लबीचा बाजार वाचला

कुवेतमधल्या मराठी घरांत शाळेचे प्रकल्प मुलांनी करायची पद्धत नाही. मुलं लहान असतात, त्यांच्या हातून चूक होऊ शकते, आणि चूक झाली तर ती पालकांच्या ग्रुपवर सगळ्यांना दिसते. म्हणून सलवा भागातल्या ब्रिटिश शाळेतून क्षितिजा 'बाजाराचं गाव' हा विषय घेऊन एगैला भागातल्या घरी आली, तेव्हा तिच्या बाबांनी, म्हणजे विश्वासने, तो लगेच ताब्यात घेतला. विश्वास पेट्रोकेमिकल कारखान्यात सुरक्षा अभियंता होता. धोका दिसला की लहान मुलांना बाजूला करायचं, हे त्याच्या अंगवळणी पडलं होतं.

"बाबा, मिस सेड एनी टाउन," क्षितिजा म्हणाली. "जस्ट आस्क समवन अँड राइट वन पेज. फ्रायडे मार्केटला गेलं तरी चालेल."

"बाळा, शाळा ब्रिटिश, फी ब्रिटिश. मग गाव कुठलं लागणार?"

"आणि शुक्रवारच्या बाजारात जुने गालिचे नि कोंबड्या मिळतात," तिची आई संपदा म्हणाली. "त्यात कसला आलाय इतिहास!"

मग एकमताने इंग्लंडमधलं मार्केट ऑस्लबी हे गाव ठरलं. ते कोणीच पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे चुका काढायला कोणी पुढे येण्याची भीती नव्हती. मदतीला विश्वासचा मित्र देवेंद्र आला. तो कुवेत सिटीत एका कंपनीत हिशेबनीस होता, आणि त्याची स्वतःची मुलं पुण्यात शिकत असल्यामुळे प्रकल्पांच्या बाबतीत त्याची उपासमार चालली होती.

थोड्याच दिवसांत विश्वासला ऑस्लबी तोंडपाठ झालं. गुरुवारचा बाजार भरवायची परवानगी कोणत्या राजाने दिली, लोणी कोणत्या छपराखाली विकत, वजनात काटा मारल्याबद्दल कोणत्या पाववाल्याला भर चौकात खोड्यात अडकवलं, सगळं. जेवणाच्या सुट्टीत तो "आमच्या ऑस्लबीत" अशी सुरुवात करू लागला. सहकारी डबे घेऊन दुसऱ्या टेबलावर बसू लागले.

याच सुमारास गावाहून, टाकळदऱ्याहून, आबांचा, म्हणजे विश्वासच्या वडिलांचा, फोन आला. टाकळदऱ्याच्या मंगळवारच्या बाजारात, चिंचेखाली, आबा जन्मभर दोर, कासरे आणि वेसणी विकत आले होते. विश्वासच्या इंजिनियरिंगची फी त्याच चिंचेखालून आली होती.

"अरे, बाजार हलवायचं चाललंय. पार बायपासला. इथं गाड्या लावायला जागा करणार म्हणे," आबा म्हणाले. "माझ्याच्यानं तिकडवर जाणं होणार नाही आता. सरपंच तुझ्या वर्गातला, तुझं ऐकंल तो. ग्रामसभेच्या आत एक फोन टाक."

"टाकतो, आबा. सध्या मी बाजाराच्याच कामात आहे."

"हां, मग काही काळजी नाही," आबा म्हणाले. त्यांना खरंच बरं वाटलं.

इकडे जमियातून, म्हणजे सहकारी दुकानातून, आणलेल्या खोक्यांचा चौक उभा राहिला. देवळाऐवजी चर्च, पारावर मारुतीऐवजी दगडी क्रूस. मग विश्वासने त्या पुठ्ठ्याच्या गावाची रीतसर सुरक्षा तपासणी केली. अहवाल गंभीर होता. गावाला आपत्कालीन मार्ग नव्हता, आग लागल्यास जमण्याचं ठिकाण नव्हतं, आणि मेंढ्या मोकाट होत्या. पहिल्या दोन त्रुटी हिरव्या पाट्या लावून दूर झाल्या. मेंढ्यांना दोर हवे होते.

"आबांकडे आहेत ना दोर?" क्षितिजा मराठीत म्हणाली. "मी विचारू त्यांना?"

"अगं, ते बैलांचे. हे मेंढ्यांचे, आणि तेही ब्रिटिश."

दोर इंग्लंडहून मागवले. ते कस्टममध्ये अडकले, ते सोडवायला विश्वासने रजा काढली. तयार गाव घराच्या दारातून बाहेर निघेना, तेव्हा दार काढलं. गाव छोट्या ट्रकमधून सलव्याला रवाना झालं. मागच्या सीटवर बसलेल्या क्षितिजाला त्याला हात न लावण्याची सक्त ताकीद होती.

शाळेत मिस बराच वेळ त्या चौकाकडे बघत राहिल्या. त्या ऑस्लबीच्या शेजारच्याच गावच्या निघाल्या. पण मिसनी चूक काढली नाही. त्या एवढंच म्हणाल्या, की गुरुवारचा तो बाजार आता बंद होणार आहे. तिथे गाड्या लावायला जागा करणार आहेत.

संपदाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. विश्वासला जेवण गेलं नाही. "शेकडो वर्षांचा बाजार!" तो देवेंद्रला म्हणाला. "आणि गावची माणसं गप्प बसतात? एकालाही वाटत नाही, पुढे होऊन बोलावं?"

"गावाबाहेर राहणाऱ्यांनीच करावं लागतं रे हे," देवेंद्र म्हणाला. "जवळच्यांना किंमत नसते."

त्याच संध्याकाळी 'ऑस्लबी बचाव' हा ऑनलाइन अर्ज निघाला. कुवेतमधल्या मराठी डॉक्टरांनी सह्या केल्या, नर्सेसनी केल्या, रिफायनरीच्या तिन्ही पाळ्यांनी केल्या. मस्कत आणि दुबईच्या मराठी मंडळांनी जाहीर पाठिंबा दिला. आपल्या गावावर एवढे लोक जीव टाकतात हे ऑस्लबीच्या नगरपालिकेला नव्यानेच कळलं, आणि तिने निर्णय पुढे ढकलला. त्या शुक्रवारी विश्वासच्या घरी श्रीखंड-पुरीचा बेत झाला. भाषणं सुरू असताना आबांचा फोन आला.

"आबा! बाजार वाचला!" विश्वास ओरडला. मंडळींनी टाळ्या वाजवल्या.



"कुठला रे?" आबांनी विचारलं. "इथं तर सकाळीच चिंच पाडली."

विश्वास बाल्कनीत गेला. बाहेर झळा मारत होत्या, पण आत जावंसं त्याला वाटेना. "ग्रामसभा कधी झाली?"

"झाली परवा. मी म्हटलं, माझा पोरगा बोलणार हाय. सरपंच म्हणाला, विश्वासचा काही फोन नाही आला. म्हणजे त्याची हरकत नसणार. दोर घरी आणून टाकलेत सगळे. तुला लागत्यात का काही?"

विश्वासला रडू फुटलं होतं, आणि आत देवेंद्र त्याचं नाव पुकारून दोन शब्द बोलायला बोलावत होता. तो आत गेला. गळा दाटलेला होता, त्यामुळे भाषण फार छान झालं.

ऑस्लबीचा निर्णय नुसता पुढे ढकललेला आहे, रद्द झालेला नाही. म्हणून अर्ज अजून खुला आहे आणि तुमचीही सही चालेल. नाव आणि देश लिहिला की झालं. तुमच्या गावचा बाजार कोणत्या वारी भरतो, असं त्यात कुठेही विचारलेलं नाही, तेव्हा अडण्यासारखं काही नाही.